व्याह्यांचा गळा आणि काकांचं कुलूप

वळणकाकांनी आयुष्यात लपवाछपवी अशी कधी केली नव्हती. एकदाच केली, तीही एका कॅल्क्युलेटरमध्ये आणि चांगल्या हेतूने. तिचा शेवट एका भल्यामोठ्या कुत्र्याला बँकेच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या न्हाणीघरात कोंडण्यात झाला. हे कसं घडलं ते सांगायचं, तर सुरुवात व्याह्यांच्या डोक्यापासून करायला हवी.

व्याह्यांचं डोकं मोठं आहे. हा टोमणा नव्हे. ते स्वतःच सांगतात की टोपीच्या दुकानात शिरलं की दुकानदार आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग छत्र्या दाखवायला लागतो. गेल्या थंडीत काकूंनी मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी स्वेटर विणला. लेकीच्या सासऱ्यांना पहिल्यांदाच काही द्यायचं, तेही हातचं, म्हणून महिनाभर डोळ्यांत तेल घालून विणला. व्याही आले, चहा झाला, काकूंनी पुडकं पुढे केलं. व्याह्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, अंगात घालायला घेतला. दोन्ही हात बाह्यांत गेले, कपाळ आत गेलं, आणि नाकापाशी काम थांबलं. ना पुढे ना मागे. हात वर, डोकं आत, अशा अवस्थेत ते बैठकीच्या खोलीत फिरायला लागले. आतून त्यांचा आवाज येत होता, "छान आहे, छान आहे." जावयाने वरून ओढलं, काकांनी खालून ओढलं, आणि शेवटी विहीणबाईंनीच कात्री मागितली.

गळा कापून व्याही मोकळे झाले. विहीणबाई प्रेमळ. त्या म्हणाल्या, "असू द्या हो, मायेनं विणलंय ना." हे वाक्य काकूंना जे लागलं ते लागलंच. कोणी नाव ठेवलं असतं तर काकूंनी चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. पण मायेने दिलेल्या माफीला उत्तर कुठून आणायचं? तेव्हापासून काकू विणायला बसत, पण विणताना गुणगुणत नसत. काकांच्या हे लक्षात आलं होतं. नोकरीत बदली झाली की या बाईने दर वेळी हसत घर आवरलं, हसत नवं मांडलं, आणि आता एका गळ्यापायी गप्प झाली, याचं काकांना मनापासून वाईट वाटत होतं.

यंदा व्याही पुन्हा येणार होते. काकू म्हणाल्या, "मी परत विणणार. बसला तर बसला. नाही बसला तर या घरात सुई दिसणार नाही." काकूंनी सुया टाकल्या तर दुपारी त्या काय करतील, आणि मुख्य म्हणजे त्या वेळात काकांचं काय होईल, या विचाराने काका हादरले. त्यांनी कपाटातून कॅल्क्युलेटर काढला.

हा कॅल्क्युलेटर साधा नाही. काका रस्ते बांधणाऱ्या खात्यात होते आणि त्यांनी जन्मभर फक्त वळणं आखली, म्हणून तर अख्खी इमारत त्यांना वळणकाका म्हणते. "सरळ रस्ता कुणीही काढेल, माणसाची परीक्षा वळणावर," हे ते जिना चढतानासुद्धा सांगतात. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते लवकरच बंद पडलं. हाताखालच्या मंडळींनी मात्र आपसांत ठरवून हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर दिला. याच्या छोट्या पडद्यावर रेषा उमटतात. शिवाय याला शिकवता येतं. हिशोबाच्या पायऱ्या एकदा लिहून ठेवल्या की त्याचा प्रोग्रॅम होतो, मग नाव निवडून बटण दाबलं की यंत्र आपलं आपण मोजतं. काकांच्या यंत्रात तीन प्रोग्रॅम होते, वळण, चढ आणि उतार. निवृत्त माणसाला यातल्या एकाचाही उपयोग नव्हता, पण काका ते अधूनमधून चालवून बघत आणि त्यांना बरं वाटे.

"अगं, स्वेटरचा गळा म्हणजे दुसरं काय? वळणच," काका म्हणाले.

"तुमचे रस्ते तिकडे ठेवा," काकू म्हणाल्या. "माझ्या लोकरीवरून ट्रक जाणार नाहीयेत."

पण काका हट्टाला पेटले. अंग आणि बाह्या काकूंच्या हाताला पाठ होत्या, घोडं अडत होतं ते गळ्याशी. काकांनी काकूंना शेजारी बसवून टाके म्हणजे काय, ओळ म्हणजे काय, टाके कमी कधी करतात, हे सगळं समजून घेतलं. मधेमधे "म्हणजे इथे रस्ता अरुंद होतो" असं म्हणून त्यांनी काकूंचा अंत पाहिला, पण आठवडाभरात 'गळा' नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. डोक्याचा घेर, मानेचा घेर आणि मानेची उंची सांगायची. यंत्र किती टाके उचलायचे, कुठल्या ओळीला किती कमी करायचे ते सांगणार, वर पडद्यावर गळ्याची कमान काढून दाखवणार. काकांनी आधी स्वतःचा गळा करून घेतला. काकूंनी विणला, काकांनी घातला, आणि तो असा बसला की काकू नुसत्या बघत राहिल्या.

राहिलं व्याह्यांचं माप. ते उघड मागायचं म्हणजे जुनी जखम उकरायची. तेव्हा काकांनी जावयाला फोन केला.

"जावईबापू, तुमच्या वडिलांच्या डोक्याचं माप हवंय. त्यांना कळता कामा नये."

"बाबा, दादांच्या डोक्याचं? गुपचूप?" जावयाने आवाज खाली आणला. "दुपारी झोपतात तेव्हा बघतो."

त्याने बघितलं आणि आकडे कळवले. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं, आणि काकांनी इथेच थांबायला हवं होतं.

काकूंकडे दुपारी चार बायका लोकर घेऊन जमत. काकांचा गळा बघून त्यांच्यात खळबळ माजली. कुणाच्या मुलाचा गळा, कुणाच्या नणंदेचा, कुणाच्या साहेबांचा. काकूंना नाही म्हणता येत नाही, त्यामुळे कॅल्क्युलेटर हातोहात फिरायला लागला. त्यातच खालच्या मजल्यावरचे बँकवाले रोज वर्तमानपत्र वाचायला वर येत. हे गृहस्थ बँकेत कर्ज मंजुरीच्या खुर्चीवर होते आणि हाताशी बटण असलेली कुठलीही वस्तू ते सोडत नसत. एका दुपारी त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि कॅल्क्युलेटर उचलला. काका चहा घेऊन बाहेर आले तेव्हा 'चढ' नाहीसा झाला होता.

"मी काही केलं नाही," बँकवाले म्हणाले. "त्यानंच विचारलं, काढून टाकू का, हो की नाही. जन्मभर लोकांना नाही म्हणून कंटाळलो होतो हो. म्हटलं, एकदा हो म्हणून बघावं."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. 'चढ' गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी धास्ती होती ती 'गळ्या'ची. यादीत 'चढ' आणि 'गळा' शेजारी शेजारी होते. बँकवाल्यांचं बोट केसभर घसरलं असतं तर व्याह्यांचं डोकं पुन्हा वाऱ्यावर. काकूंच्या नव्या स्वेटरचं अंग विणून झालं होतं, बाह्या झाल्या होत्या, आणि गळा तेवढा बाकी होता.

आता प्रोग्रॅम राखायचा कसा, यावर इमारतीत ज्याच्या त्याच्या तोंडी सल्ला होता. काकू म्हणाल्या, पिठाच्या डब्यात ठेवा. बँकवाले म्हणाले, माझ्या ओळखीनं लॉकर मिळेल, जरा पत ठेवा माझ्या शब्दाची. एक बाई म्हणाल्या, बटणांवरची अक्षरं घासून टाका, म्हणजे कुणाला काही कळायचं नाही. त्यातून काकांनाही काही कळलं नसतं, पण हे त्या बाईंना पटवायला अर्धी दुपार गेली. शेवटी काकांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. यंत्राचं दुखणं यंत्राच्या माहेरी विचारावं, असा त्यांचा साधा हिशोब होता.

पलीकडे एका गोड आवाजाच्या मुलीने काकांची अडचण ऐकून घेतली. "विद्यार्थ्याची इयत्ता सांगाल का?"

"विद्यार्थी नाही. मी स्वतः वापरतो."

"हो सर. तुमची इयत्ता?"

"मी निवृत्त कार्यकारी अभियंता आहे," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी सावकाश आणि ठसठशीत उच्चारलं. मोठमोठे कंत्राटदार या वाक्यावर उठून उभे राहत असत.

"तो पर्याय इथे नाहीये, सर. मी दहावी लिहिते. तुम्हाला प्रोग्रॅम लपवायचे आहेत ना? ते आम्ही विद्यार्थ्यांना सांगत नाही. मुलं खेळ लपवतात आणि परीक्षेत कॉप्या करतात. पालकांची परवानगी लागेल."

"माझे पालक?" काकांचा आवाज चढला. "अहो, माझे केस पिकलेत."

"मग शिक्षकांकडून फोन करायला सांगा, सर. आणि अभ्यास चांगला करा."

काकांनी फोन ठेवला. काकूंनी विचारलं, काय म्हणाले? काका म्हणाले, "अभ्यास करायला सांगितलाय." काकूंनी तोंडाला पदर लावला आणि स्वयंपाकघरात गेल्या. गेल्या थंडीनंतर पहिल्यांदाच त्या हसल्या होत्या, पण त्या क्षणी काकांना त्याचं कौतुक वाटण्यासारखं नव्हतं.

शिक्षक म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या आवाजात शाळा अजून भरते. त्यांनी काकांसमोर फोन लावला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी मुख्याध्यापिका बोलतेय. माझा एक विद्यार्थी आहे, जरा धांदरट आहे, पण मनानं चांगला. त्याला प्रोग्रॅम लपवायची रीत हवी आहे." धांदरट विद्यार्थी खुर्चीत बसून ऐकत होता. सगळी रीत लिहून घेतली गेली. कुलूप लावलं की प्रोग्रॅम चालतो, पण आत जाऊन कोणी बदलू शकत नाही. लपवला की यादीत नाव दिसत नाही. कोठारात, म्हणजे यंत्राच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवला की चुकून पुसला जात नाही.

फोन ठेवून बाई म्हणाल्या, "आता माझं काम. बाळाला थंडी वाजते. त्याला गळ्यापर्यंत येणारा स्वेटर हवा."

बाळ म्हणजे त्यांचा कुत्रा. बाळ फक्त त्याच म्हणत. बाकीची इमारत त्याला घोडा म्हणे, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. मानेभोवती झुबकेदार केस, हे एवढं डोकं, आणि जिन्यात समोरून आला की माणसंच भिंतीला चिकटून वाट देत. उपकाराच्या ओझ्याखाली काका हो म्हणाले.

मग काका कामाला लागले. त्यांनी 'गळ्या'ला कुलूप लावलं, कोठारात टाकला, यादीतून नाव उडवलं. त्याला बोलवायचं कसं? तर 'उतार' नावाच्या प्रोग्रॅमच्या पोटातून. 'उतार' चालवायचा, तो उताराचा आकडा विचारतो, तिथे शून्य टाकायचं. शून्य उताराचा रस्ता कोण मोजणार? बाहेरच्या माणसाला वाटणार, काहीतरी खात्याचं रटाळ काम आहे. एवढ्यावर काकांचं समाधान झालं नाही. काकूंनी आकडे टाकायचे, एखादं बोट चुकायचं, मग पुन्हा कात्री आलीच. म्हणून त्यांनी 'गळ्या'तून माप विचारणंच काढून टाकलं. व्याह्यांची तिन्ही मापं यंत्राच्या स्मरणात भरून ठेवली. काकूंनी नुसतं बटण दाबायचं. आणि मुख्याध्यापिकाबाईंसाठी, बायकांसाठी, बँकवाल्यांसाठी त्याच प्रोग्रॅमची एक उघडी नक्कल ठेवली, तिचं नाव 'पाहुणा'. ती माप विचारते, टाके सांगते, कोणी पुसली तरी चालेल.

"झालं," काका म्हणाले. "आता ब्रह्मदेव आला तरी व्याह्यांच्या गळ्याला हात लावू शकणार नाही."

ब्रह्मदेव आला नाही. त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई आल्या. शिंप्याच्या फितीने बाळाची मापं घेऊनच त्या आल्या होत्या. 'पाहुण्या'त टाकली, टाके लिहून घेतले. लोकर कमी होती, तर काकूंनी व्याह्यांच्या स्वेटरची, गळ्यापुरती ठेवून उरलेली मोरपंखी लोकर त्यांना देऊन टाकली. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी 'उतार' चालवला, शून्य टाकलं, आकडे लिहून घेतले आणि गळा उचलला. दुपारी त्या म्हणाल्या, "अहो, हा गळा जरा जास्तच उंच येतोय."

"येऊ दे."

"आणि रुंद पण वाटतोय. माणसाची मान आहे की खांब?"

"अगं, गेल्या वेळी अंदाजानं विणलास, काय झालं?" काका म्हणाले. म्हणायला नको होतं, पण म्हणून गेले. "या वेळी यंत्रावर विश्वास ठेव. यंत्राला कुलूप आहे."

काकू विणत राहिल्या. ज्या माणसाने आपल्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच्या यंत्रावर शंका कशाला घ्यायची, असं त्यांना वाटलं असावं. स्वेटर झाला, धुतला, घडी घालून पुडक्यात गेला.

व्याही यायच्या दिवशी काका खालून दूध घेऊन परतत होते. फाटकापाशी मुख्याध्यापिकाबाई उभ्या होत्या, आणि शेजारी बाळ, मोरपंखी स्वेटर घालून. "बघा, कसा राजबिंडा दिसतोय," बाई म्हणाल्या. काका बघत होते. उंच उभा गळा, मानेशी हलकेच आत गेलेला, कानांपाशी पुन्हा मोकळा. असाच गळा त्यांनी कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते लक्षात आलं.

ते धावत वर आले आणि यंत्र उघडलं. झालं होतं ते इतकं साधं होतं की रडू यावं. यंत्राच्या स्मरणात आकडे ठेवायला अक्षरांचे डबे असतात. एका अक्षराच्या डब्यात डोक्याचा घेर, दुसऱ्यात मानेचा, तिसऱ्यात उंची. हे डबे सगळ्या प्रोग्रॅमना सामाईक. 'गळा' आणि 'पाहुणा' एकमेकांची नक्कल, त्यामुळे दोघांचे डबेही तेच. मुख्याध्यापिकाबाईंनी 'पाहुण्या'त बाळाची मापं भरली, त्याच क्षणी व्याही डब्यातून बाहेर फेकले गेले. काकांनी घराच्या दाराला तीन कुलपं लावली होती आणि सामान अंगणात ठेवलं होतं.

त्यांनी काकूंना सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं. काकू खुर्चीत बसल्या.

"म्हणजे मी व्याह्यांसाठी घोड्याचा गळा विणला?"

"बाळाचा," काका म्हणाले. नेमकेपणा त्यांच्या अंगात मुरलेला होता.

"सुया द्या इकडे," काकू म्हणाल्या. "माळ्यावर टाकते." त्यांचा आवाज अगदी शांत होता. काकांना वाटलं, त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "मी म्हटलं होतं हो तुम्हाला, उंच येतोय." काकांनी स्टुलावर चढून सुया माळ्यावर ठेवल्या. आपल्या शहाणपणापायी हिची सुई सुटतेय, एवढंच त्यांना दिसत होतं. स्वेटर लपवावा, बाजारातून दुसरा आणावा, असं काही सुचेपर्यंत दारावरची घंटा वाजली.

व्याही, विहीणबाई, लेक आणि जावई आत आले. चहा ठेवून काकू बाहेर आल्या तोच विहीणबाईंची नजर कोपऱ्यातल्या पुडक्यावर गेली. "अय्या, या वर्षीही विणलात?" त्यांच्या आवाजात माया होती आणि थोडी काळजीही. व्याह्यांनी मात्र शूर माणसासारखं पुडकं उघडलं. लेकीने हळूच कात्री कुठे आहे ते बघून ठेवलं.

हात बाह्यांत गेले. कपाळ आत गेलं. नाकापाशी सगळ्यांनी श्वास रोखला. आणि डोकं, ते प्रसिद्ध डोकं, कुठेही न अडता वर आलं. गळा आपणहून उभा राहिला, थेट कानांपर्यंत, आणि मानेशी गुबगुबीत बसला. व्याह्यांनी मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, आणि डोळे मिटले.

"आहाहा," ते म्हणाले. "अहो, माझी मान दर थंडीत आखडते. डॉक्टर म्हणतो झाकून ठेवा. हे अगदी माप घेऊन केल्यासारखं झालंय."

काकूंना ठसका लागला. काकांनी जावयाकडे पाहिलं, तर जावई डोळे फाडून स्वेटरकडे बघत होता. तो काकांना स्वयंपाकघरात घेऊन गेला. "बाबा, हे बसलं कसं? मी दिलेलं माप अर्धंच होतं. दादा कुशीवर झोपले होते. उशीकडची बाजू मी अंदाजानं धरली होती. नंतर भीती वाटायला लागली की कमीच धरली, पण सांगायचं धाडस होईना."

काकांनी झटपट हिशोब मांडला. म्हणजे कुलूप चाललं असतं, तर आज पुन्हा कात्री लागली असती. घोड्याने अब्रू राखली होती. आता फक्त घोडा या घरात दिसता कामा नये, आणि मुख्याध्यापिकाबाई पाहुण्यांना भेटायला बाळाला घेऊन येणार होत्या. गळ्याबद्दल काकूंचे आभार मानायला, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

काका मागच्या जिन्याने वर धावले. बाई अंघोळीला गेल्या होत्या. बाळ दारातच बसला होता, स्वेटर घालून. स्वेटर काढू दिला तर बाळ कसला? काकांनी त्याला पट्ट्याला धरून खाली बँकवाल्यांकडे नेलं आणि म्हणाले, "थोडा वेळ ठेवा. काही विचारू नका."

"तारण काय?" बँकवाले म्हणाले.

"म्हणजे?"

"तो लपवलेला प्रोग्रॅम. कुठंय तो? मला ठाऊक आहे तुम्ही 'पाहुणा' माझ्यासाठी ठेवलाय आणि खरा माल दुसरीकडे आहे. इमारतीत मी एकटाच चोर का?"

ते खरोखर दुखावले होते. काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं, 'उतार', शून्य, कुलूप, कोठार. ज्या गुपितासाठी त्यांनी दहावीचा विद्यार्थी व्हायचं पत्करलं, ते त्यांनी एका कुत्र्याच्या निवाऱ्याच्या मोबदल्यात दिलं. बाळ न्हाणीघरात गेला. काका घामाघूम होऊन वर आले आणि पाहुण्यांपुढे हसत बसले.

इकडे मुख्याध्यापिकाबाई अंघोळ आटोपून बाहेर आल्या, तर बाळ नाही. त्यांनी जिन्यात उभं राहून एकच हाक मारली. ती हाक ऐकून एके काळी अख्खं मैदान रांगेत उभं राहत असे. बँकवाल्यांच्या न्हाणीघराच्या कडीची तिच्यापुढे काय कथा? खाली कडी तुटली, पाण्याची बादली आदळली, बँकवाले ओरडले, आणि पुढच्या क्षणी बाळ उघड्या दारातून थेट बैठकीच्या खोलीत येऊन व्याह्यांसमोर उभा राहिला.

तोच मोरपंखी रंग. तोच उभा गळा. दोघंही एकमेकांकडे बघत होते. काकू जमिनीकडे बघत होत्या, काकांनी डोळे मिटले होते, दारात मुख्याध्यापिकाबाई आणि त्यांच्यामागे ओले बँकवाले.

व्याही उठले. बाळाभोवती एक फेरी मारली. वाकून त्याचा गळा दोन बोटांनी चाचपून पाहिला, मग स्वतःचा चाचपून पाहिला.

"याला बाह्या नाहीत," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे माझ्यावर मेहनत जास्त घेतलीय."

आधी हसल्या त्या विहीणबाई. त्यांचं हसू फुटलं आणि मग कुणालाच आवरेना. "अहो, गेल्या वर्षी आम्ही घरी जाऊन असंच हसलो होतो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुमच्यासमोर हसायची चोरी झाली होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." काकूंनी मान वर केली. वर्षभर ज्या माफीने त्यांना टोचलं, तिच्यामागे एवढं साधं हसू दडपलेलं होतं तर. मग त्याही हसल्या, अगदी पोट धरून, खुर्चीचा हात पकडून. काका त्यांच्याकडे बघत राहिले. बायकोला असं हसताना बघून त्यांना इतका आनंद झाला की दहावीचा अपमानही ते विसरले.

सगळी कथा सांगितली गेली, जावयाच्या उशीसकट. "झोपेत माप घेतलंस होय रे माझं?" असं म्हणून व्याह्यांनी लेकाच्या पाठीत धपाटा घातला. दुपारी ते बाळाला घेऊन फिरायला निघाले. दोघांनी तसेच स्वेटर घातले होते, आणि लोकांनी वळून पाहिलं की व्याही मान ताठ करत. तशी ती आपोआपच ताठ होती.

पाहुणे गेल्यावर काकूंनी माळ्यावर चढवलेल्या सुया काकांकडून खाली काढून घेतल्या. विहीणबाईंना निळा हवा होता, आणि व्याह्यांना याच गळ्याचा आणखी एक. सुया पुसता पुसता काकू गुणगुणत होत्या. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "अहो, त्या डब्यांमध्ये आता कुणाची मापं आहेत?"

काकांनी यंत्र उघडून बघितलं. "बाळाचीच. थांब, आता व्याह्यांचं नीट माप मागवून घेतो आणि..."

तेवढ्यात खालून बँकवाल्यांचा आवाज आला. ठरल्याप्रमाणे ते 'उतार' बघायला वर येत होते.

"काही मागवू नका," काकू घाईघाईने म्हणाल्या. "आहे त्यालाच लावा कुलूप. ते यायच्या आत."